जॉली बॉयला जावं का? आणि गेलोच तर पाय कुठे ठेवावा?

चांदणवेल

नमस्कार मंडळी. जानेवारीत अंदमानला जायचं ठरतंय. आम्ही पाच जण आहोत: मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा, बाबा (७२) आणि आई (६८, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं). सेल्युलर जेल पाहायची बाबांची इच्छा मी शाळेत असल्यापासून ऐकत आलेय, त्यामुळे ते पक्कं. प्रश्न आहे तो प्रवाळांचा.

कोणी सांगतं पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरहून जॉली बॉय बेटावर जा, कोणी म्हणतं हॅवलॉक बेटावरच्या एलिफंट बीचवर जा, तेवढं पुरे. आमच्यात फक्त नवऱ्याला पोहता येतं. आई-बाबांना नेण्यात अर्थ आहे का? त्यांना नुसतं बोटीत बसून काही दिसतं का?

दुसरा प्रश्न जरा मनातला आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही मालवणला गेलो होतो. तिथे आमच्या होडीवरच्या मुलाने बुडी मारली, प्रवाळाचा एक तुकडा मोडून वर आणला आणि माझ्या मुलाच्या हातात ठेवला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो तुकडा घरी आणला. सुरुवातीला त्याला भयंकर वास येत होता, मग गेला. तेव्हापासून काचेच्या कपाटात आहे. मागच्या आठवड्यात मुलगा शाळेतून आला, कपाटासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, हे आणलं तेव्हा जिवंत होतं ना?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून वाटतंय, अशा ठिकाणी आपण जावं तरी का? अनुभवी लोकांनी मोकळेपणाने लिहा.

वाटसरू७१

जरूर जा. नोकरीनिमित्त मी नौदलात असताना तीन वर्षं पोर्ट ब्लेअरला काढली आहेत (आता सरकारी नाव श्री विजयपुरम, पण रिक्षावाला अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतो). थोडं सविस्तर लिहितो.

जॉली बॉय हे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं बेट आहे. उद्यान १९८३ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र साधारण २८१ चौरस किलोमीटर, पंधरा बेटं आणि त्यांच्यामधल्या खाड्या. पण पर्यटकांसाठी दोनच बेटं, जॉली बॉय आणि रेड स्किन, आणि तीही आळीपाळीने. साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत जॉली बॉय उघडं, उरलेला काळ रेड स्किन. म्हणजे एकावर माणसं जातात तेव्हा दुसऱ्याला विसावा. शेत पडीक ठेवतात तसंच. तुम्ही जानेवारीत जाताय, तेव्हा जॉली बॉयच मिळेल.

परवाना आधी काढावा लागतो आणि सोमवारी बंद असतं. हे दोन्ही विसरून वंडूरच्या धक्क्यावरून परत फिरलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. शहरापासून वंडूर तीसेक किलोमीटर. बोटी सकाळीच सुटतात. तासाभराचा प्रवास आहे, त्यातला बराचसा खारफुटीच्या मधून, संथ पाण्यातून. आईंना तोच भाग फार आवडेल.

प्लॅस्टिक अजिबात नेऊ देत नाहीत. धक्क्यावर पिशव्या तपासतात, पाण्याच्या बाटलीसाठी अनामत घेतात आणि बाटली परत आणून दाखवली की पैसे परत देतात. बेटावर दुकान नाही, टपरी नाही, मुक्काम नाही. डबा स्टीलचा न्या. पोळी-भाजी, दशम्या, जे टिकेल ते.

आणि नाव 'जॉली बॉय' असलं तरी त्यातला बॉय म्हणजे मुलगा नव्हे. आपल्याकडे दर्यावर तरंगता बोया असतो, तो. माझ्या मुलीने तिथे जाऊन "तो मुलगा कुठाय?" विचारलं होतं, म्हणून आठवलं.

पाणकोंबडी

वर लिहिलेल्या सगळ्याला अनुमोदन. काचेच्या तळाची बोट बेटावर पोचल्यावर मिळते. मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही, मधे छोट्या बोटीत उतरावं लागतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांसाठी खरी कसोटी ती. माझ्या सासूबाईंना दोघांनी हात धरून उतरवलं. बोटवाल्यांना आधी सांगून ठेवा, ते सवयीचे आहेत.

ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यायची. लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

निळू

मी वेगळं मत मांडतो. राग मानू नका.

जाऊ नका. तुमच्या मुलाने विचारलेला प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. त्या तुकड्यासारखे किती तुकडे रोज तुटत असतील? आपण 'निसर्ग पाहायला' जातो आणि त्याच्या अंगावर उभे राहून फोटो काढतो. एलिफंट बीचला भर हंगामात जाऊन या. रबरी रिंगांची रांग, त्यात जीवरक्षक जाकीट घातलेले लोक, आणि खाली उथळ पाण्यात प्रवाळांवर आपटणारे पाय. मी २०१९ मध्ये पाहिलं आणि पाण्यात न उतरता परत आलो. काही जागा आपण न पाहताच सोडून दिल्या पाहिजेत.

कट्टा_पेंडूर

चांदणवेल, मी मालवणचाच. ता वाचून माका वायट वाटला. ज्या पोराने तुकडो मोडून दिल्यान त्येचा चुकलाच. पण त्येका कोणी शिकवला नाय, ह्या पण खरा आसा. आता सगळ्यांना समजेल असं लिहितो.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं जवळजवळ एकोणतीस चौरस किलोमीटर क्षेत्र. तेव्हा गावाने विरोध केला होता. माझे वडील रापणीला (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासेमारीला) जायचे. त्यांना वाटलं, आता समुद्रात पाय टाकायलाही परवानगी लागणार. बाहेरून मोठ्या पर्ससीनच्या (माशांच्या थव्याला वेढणाऱ्या जाळ्यांच्या) बोटी येऊन मासळी उपसून नेतात आणि नियम मात्र रापणकरांना, हे दुखणं होतं आणि आजही आहे. कोणी आम्हाला बसवून सांगितलं नाही की किल्ल्याच्या तटाजवळ, पाण्याखाली जे खडक आम्ही खडक म्हणून ओळखतो, ते जिवंत आहेत. आमच्या जाळ्यांना अडकणारा दगड, एवढीच त्यांची ओळख.

नंतर यूएनडीपीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या) प्रकल्पातून इथल्या पोरांना स्कूबाचं रीतसर प्रशिक्षण मिळालं. मी त्यातलाच. पहिल्या दिवशी आम्हाला पोहायला शिकवलं नाही, तरंगत राहायला शिकवलं. समुद्राकाठी जन्मलेल्या पोरांना! तेव्हा हसलो होतो. पण पाण्यात हातपाय न मारता एका जागी थांबणं किती कठीण असतं ते त्या दिवशी कळलं. आज मी नवीन पोरांना सांगतो, "पाय खय टेकूचो नाय, ह्या पयला. बाकी सगळा मागाहून."

निळूदादांचं दुःख कळतं मला. पण तुम्ही कोणीच आला नाहीत तर आमचा पोरगा परत ट्रॉलरवर मजुरीला जाईल. त्याला जिवंत प्रवाळ दाखवून पोट भरता आलं, तर तोच त्याची राखण करेल. शिकलेला होडीवाला निवडा आणि चुकला तर तिथल्या तिथे टोका. गिऱ्हाईक टाळ्या वाजवतं म्हणून तो मोडतो. गिऱ्हाईकाने "नको रे" म्हटलं तर दुसऱ्या दिवशी मोडणार नाही.

चांदणवेल

कट्टा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. टाळ्या आम्हीच वाजवल्या होत्या.

टोपलीभर_मासे

एक भाबडा प्रश्न. अंगठीत घालतात ते पोवळं यातूनच येतं का? आमच्या गुरुजींनी मंगळासाठी घालायला सांगितलंय. अंदमानला स्वस्त मिळेल का?

जीवशास्त्राच्या_बाई

टोपलीभर, नाही. अंगठीतलं लाल पोवळं वेगळ्या जातीचं. ते प्रामुख्याने भूमध्य समुद्रात, खोल आणि अंधाऱ्या पाण्यात वाढतं. अंदमान-मालवणचे प्रवाळ हे उथळ, उजेडाच्या पाण्यातले, खडक बांधणारे. आणि अंदमानात कोणी काहीही 'स्वस्त' देऊ केलं तरी घेऊ नका. खडक बांधणारे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा खिशात घालायचा नाही. विमानतळावर सामान तपासतात तेव्हा तो सापडतो.

चांदणवेल, मुलाला द्यायचं उत्तर मी लिहून देते, तीस वर्षं हेच शिकवलंय.

हो, ते जिवंत होतं. आणि एक नव्हतं, शेकडो होते. प्रवाळाच्या तुकड्यावर जी बारीक भोकं किंवा चांदण्या दिसतात ना, त्या प्रत्येकात एक इवलासा प्राणी राहत होता. त्याचं शरीर मऊ, तोंडाभोवती बोटं. तो स्वतःभोवती चुन्याची वाटी बांधतो. शेजारी दुसरा बांधतो. एकावर एक पिढ्या बांधत जातात आणि डोंगर होतो. तुमच्या घरात जो वास आला तो त्या मऊ शरीरांचा.

त्या प्राण्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवालं भाडेकरू म्हणून राहतात. ती उन्हातून अन्न बनवतात आणि बहुतेक सगळं घरमालकाला देतात. प्रवाळाचा रंग बराचसा त्या शैवालांचा. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तरी हे नातं तुटतं. प्रवाळ शैवालांना बाहेर काढतो आणि पांढराफटक पडतो. पांढरा म्हणजे लगेच मेलेला नव्हे, उपाशी. पाणी वेळेत निवलं तर शैवालं परत येतात. नाही निवलं तर मरतो आणि त्यावर हिरवट-करडं शेवाळ चढतं.

म्हणून एक सांगून ठेवते. काचेच्या बोटीतून खाली पाहिल्यावर लोक नाराज होतात, "टीव्हीत रंगीबेरंगी दिसतं, इथे सगळं तपकिरी!" तपकिरी, मातकट, शेवाळी हिरवा हे बहुतेक प्रवाळांचे निरोगी रंग आहेत. शिवाय पाणी लाल रंग आधी शोषून घेतं, त्यामुळे खाली सगळं निळसर दिसतं. मुलाला सांगा, तपकिरी दिसलं तर आनंद मान.

निळू

बाई, तुमच्याच मुद्द्यावर विचारतो. गरम पाण्याने सगळंच मरणार असेल तर आमचे दोन पाय वाचवून काय होणार?

जीवशास्त्राच्या_बाई

चांगला प्रश्न आहे. मारेकरी क्रमांक एक उष्णताच. १९९८, २०१०, २०१६ ही वर्षं आपल्या प्रवाळांवर कोसळली. २०१० मध्ये अंदमानात फार मोठ्या भागात प्रवाळ पांढरे पडले होते. २०२४ मध्ये पुन्हा जगभर तेच, लक्षद्वीपसुद्धा सुटलं नाही. लक्षद्वीपमध्ये आगत्ती, कदमत, कवरत्ती इथे संशोधकांनी सलग चोवीस वर्षं मोजमाप केलं. १९९८ मध्ये जिवंत प्रवाळ सुमारे ३७ टक्के जागा व्यापून होते, ते १९ टक्क्यांच्या आसपास आले.

पण आजारातून उठणाऱ्या माणसाला आपण धक्के देतो का? दोन उष्ण वर्षांच्या मधला काळ हा त्यांचा बरं होण्याचा काळ. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला दहा-एक सेंटिमीटर वाढू शकतात, पण मोठे गोल धोंड्यासारखे असतात ते जेमतेम एक सेंटिमीटर. माझ्या उंचीचा धोंडा म्हणजे १८५७ च्या उठावाच्या आगेमागे सुरू झालेलं बांधकाम धरा. त्यावर उभं राहून फोटो काढायला दहा सेकंद लागतात.

वाटसरू७१

बाईंनी लिहिलं त्यात भर. समुद्र स्वतःही मोडतोड करतो. २६ डिसेंबर २००४ ला मी तिथेच होतो. त्सुनामीच्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे मीटरभर खाली गेली. वंडूरला जाताना वाटेत सिप्पीघाट लागतं, तिथली भातशेती कायमची पाण्याखाली गेली. रस्त्यावरून आजही पाण्यात उभी राहिलेली ती जागा दिसते. वंडूरच्या किनाऱ्यावर उन्मळून पडलेले प्रचंड वृक्ष आहेत. आणि उत्तर अंदमानात उलटं झालं, जमीन उचलली गेली. प्रवाळाचे विस्तीर्ण पट्टे पाण्याबाहेर आले आणि उन्हात वाळून मेले. आम्ही बोटीतून जाताना पाहिलं होतं, मैलोन् मैल पांढरी रांगोळी. तो वास मी अजून विसरलेलो नाही. चांदणवेल यांनी वासाचं लिहिलं तेव्हा तेच डोळ्यांसमोर आलं.

महत्त्वाचं: वंडूरच्या किनाऱ्यावर मुलाला पाण्यात सोडू नका. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. पोहण्यासाठी जाळीने बंदिस्त केलेला भाग आहे, फलक लावलेले आहेत. फलक शोभेचे नाहीत.

आज्जी_पार्ल्याची

मी ७० वर्षांची. मागच्या वर्षी जॉली बॉयला जाऊन आले आणि पाण्यात उतरले! पोहता येत नाही. गाइडने मला रबरी रिंग दिली, मी पोटावर आडवी पडून ती धरली, तोंडावर मुखवटा, तोंडात नळी, आणि तो मला हळूहळू ओढत नेत होता. पहिली दोन मिनिटं जीव घाबरा झाला. नाकाने श्वास घ्यायची सवय सत्तर वर्षांची, ती कशी मोडणार! मग किनाऱ्याजवळ, कमरेइतक्या पाण्यात, वाळूवर उभं राहून दहा मिनिटं नुसता तोंडाने श्वास घ्यायचा सराव केला. ते जमलं की सगळं जमलं.

आणि मग खाली पाहिलं. काय सांगू! आमच्या अंगणातल्या तुळशीवृंदावनाएवढा एक मोठा शिंपला, उघडा, त्याच्या ओठांवर जांभळी-निळी मखमल. माझी सावली त्याच्यावर पडली आणि त्याने ओठ मिटले. मी आपोआप म्हटलं, "अगंबाई, झोपमोड झाली!" नळीतून काय आवाज गेला असेल देव जाणे, गाइड दचकला.

चांदणवेल, बाबांना मिशी आहे का?

चांदणवेल

आहे! चांगली झुबकेदार. का हो आज्जी?

आज्जी_पार्ल्याची

मिशीमुळे मुखवट्यात पाणी शिरतं. आमच्या ह्यांचं तेच झालं. गाइडने सांगितलं, मिशीला व्हॅसलीन चोपडायचं. ह्यांनी चोपडलं आणि मग उरलेली सहल ऐटीत पीळ भरून फिरले. व्हॅसलीनची डबी न्या. बिनचश्म्याचं बाबांना लांबचं दिसत नसेल तर नंबरचा मुखवटा कुठे मिळतो का ते आधी विचारा, नाहीतर सगळं धुकं दिसेल.

पाणकोंबडी

आज्जी, तुमच्या चरणी नमस्कार! आणि मुखवट्याची काच आतून धूसर होते त्यावर साधा उपाय, पाण्यात उतरण्याआधी काचेला आतून थुंकी चोळायची आणि खळबळून टाकायची. ऐकायला कसंतरी वाटतं, पण सगळे पाणबुडे तेच करतात.

कट्टा_पेंडूर

आज्जींनी नकळत सगळ्यात मोठी गोष्ट सांगितली: आडवं पडणं. जाकीट घातलेला माणूस घाबरला की उभा होतो. उभा झाला की पाय खाली लोंबकळतात आणि पायाखाली येतं ते प्रवाळ. निळूदादांनी एलिफंट बीचला पाहिलं ते हेच. नवशिक्यांनी फ्लिपर घालू नयेत, त्यांना आपला पाय कुठे संपतो तेच कळत नाही. दम लागला, मुखवट्यात पाणी गेलं, तरी उभं राहायचं नाही. रिंग धरायची, डोकं वर करायचं, गाइडला हात करायचा. उभं राहायचं तर फक्त वाळूवर.

आणि माशांना पाव, बिस्किटं घालू नका. पोरं फोटोसाठी घालतात, आमच्याकडे पण घालतात, मी रोज भांडतो. शेवाळ खाणारे मासे पावाच्या मागे लागले तर प्रवाळावरचं शेवाळ कोण साफ करणार?

सई_कॅलिफोर्निया

सनस्क्रीनबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. काही सनस्क्रीनमधलं ऑक्सिबेन्झोन प्रवाळांच्या पिल्लांना घातक ठरतं असं प्रयोगांत दिसल्यावर हवाईमध्ये २०२१ पासून त्याची विक्री बंद झाली. पलाऊ देशाने त्याच्या वर्षभर आधी बंदी आणली. आम्ही हवाईला गेलो तेव्हा सरळ पूर्ण बाह्यांचे, पोटऱ्यांपर्यंतचे पोहण्याचे कपडे घातले. ऊनही लागत नाही, खरचटतही नाही. आईंना तर तेच जास्त मोकळं वाटेल. सलवार किंवा साडी भिजली की इतकी जड होते की पाण्यात ओढल्यासारखं होतं.

ओहोटी

मुंबईकर बोलतोय. सगळे अंदमान-हवाई करतायत म्हणून आठवण करून देतो: प्रवाळ मुंबईतही आहेत! सागरी किनारा रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीजवळच्या अठरा प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या. त्याआधी किती मुंबईकरांना माहीत होतं? मलाही नव्हतं. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी ओहोटीला किनाऱ्यावर फिरवतात, त्यांच्याबरोबर गेलो आणि हाजी अलीच्या खडकांत पाण्याच्या डबक्यात तळहाताएवढा प्रवाळ पाहिला. मागे गाड्यांचा आवाज, समोर गढूळ पाणी, आणि हा तिथे चिवटपणे बसलेला. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेलो.

आई-बाबांना पाण्यात उतरायचंच नसेल तर जामनगरजवळचं नरारासुद्धा विचारात घ्या. कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ चं, देशातलं पहिलं. तिथे भरती-ओहोटीतला फरक एवढा मोठा की ओहोटीला समुद्र लांबवर मागे सरतो आणि तुम्ही चालत जाऊन ऑक्टोपस, फुगणारा पफर मासा, समुद्रकाकडी, प्रवाळ बघू शकता. वनखात्याची परवानगी आणि सोबत गाइड हवाच. अर्थात इथेही तोच प्रश्न, पाय कुठे ठेवायचा. गाइडच्या पावलावर पाऊल टाकायचं, रेतीच्या पट्ट्यातून. चिखल आणि दगड आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी काठी न्यावी.

गणिताचे_सर

ओहोटीचा विषय निघाला म्हणून. आमचे रत्नागिरीचे आजोबा घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगत. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती, तेव्हा ओहोटीही खोलवर, म्हणजे किनाऱ्यावरचे जीव बघायला तेच दिवस उत्तम. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी फारसं हलत नाही.

ओहोटी

सर, वा! हा आडाखा मुंबई-कोकणासाठी जवळपास बरोबर बसतो. नराराला किंवा अंदमानला मात्र लावू नका, तिथल्या वेळा वेगळ्या. तिथे तक्ता बघायचा.

टोपलीभर_मासे

मी पोवळ्याचा विचार सोडला. आईने तिच्या पेटीतलं आजीचं जुनं काढून दिलंय. बाकी धागा जपून ठेवतोय.

निळू

सगळ्यांचं वाचलं. माझा राग कमी झाला असं नाही, पण कट्टा यांचं म्हणणं पटतंय. एक सुचवू का? तुम्ही जाणारच असाल तर एलिफंट बीच सोडा, जॉली बॉयच करा. संख्येवर मर्यादा, प्लॅस्टिक नाही, वर्षातून काही महिने विश्रांती. राखलेली जागा म्हणतात ती हीच. परवान्याचा त्रास वाटतो म्हणून लोक टाळतात, पण तो त्रास आहे म्हणूनच तिथे काही उरलंय.

आणि कपाटातला तो तुकडा? त्याचं काय करणार?

चांदणवेल

निळू, तोच विचार करतेय. परत समुद्रात टाकावा का?

जीवशास्त्राच्या_बाई

समुद्रात टाकून तो जिवंत होणार नाही आणि घरात ठेवणं कायद्याने योग्य नाही. जवळच्या वनखात्याच्या कार्यालयात नेऊन द्या आणि कसा आला ते खरं सांगा. मुलाला बरोबर न्या.

कट्टा_पेंडूर

बाईंशी सहमत. आणि पुढच्या वेळी मालवणात या. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी स्वच्छ असतं. अंदमानसारखं लख्ख नाही, चांगल्या दिवशी चार-पाच मीटरपर्यंत दिसतं. पण किल्ल्याच्या तटाखाली प्रवाळ आहेत, हे मी स्वतः नेऊन दाखवीन.

चांदणवेल

मंडळी, परत आलो! उशिरा लिहितेय, माफ करा.

आधी तुकड्याचं. निघण्याआधीच वनखात्याच्या कार्यालयात नेऊन दिला. मुलाने तो जुन्या रुमालात गुंडाळून दोन्ही हातांत धरला होता. तिथल्या अधिकारीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी त्याला विचारलं, "कुठून आणलास?" त्याने सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि त्याच्याकडूनही सही घेतली. नऊ वर्षांच्या मुलाची ती पहिली सही.

जॉली बॉयला आम्ही पाचही जण गेलो. बोटीत उतरताना आईला तिघांनी धरलं (पाणकोंबडी, बरं झालं सांगितलंत). ती काचेच्या बोटीतच बसली, पाण्यात नाही उतरली. पण दोन फेऱ्या केल्या. हरणाच्या शिंगांसारखे प्रवाळ, मेंदूसारखे सुरकुतलेले, आणि मधेच एक मोठा पट्टा नुसता मोडलेल्या काटक्यांसारखा, राखाडी. तो पाहून आई गप्प झाली. बोटवाला म्हणाला, हा जुना, २०१० चा. मग त्याने बोट जराशी पुढे घेतली आणि त्या राखाडी पसाऱ्यात बोटभर उंचीची नवी फांदी दाखवली. तपकिरी. आईने मुलाला हाक मारली, "अरे बघ, तपकिरी आहे!" बोटीतल्या इतरांना कळेना ही बाई तपकिरी रंगावर एवढी खूश का झाली.

बाबांनी व्हॅसलीन चोपडलं. आज्जी, तुमचं नाव घेऊन. कमरेइतक्या पाण्यात पंधरा मिनिटं श्वासाचा सराव केला, मग रिंगवर आडवे. पहिल्यांदा घाबरून उभे राहायला गेले तेव्हा मुलगा किनाऱ्यावरून ओरडला, "आबा, पाय! पाय वर!" बाबांनी पाय वर घेतले. त्यानंतर वीस मिनिटं ते तसेच, हात न हलवता, तरंगत होते. बाहेर आल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. आदल्या दिवशी सेल्युलर जेलमध्ये कोठडीसमोर उभे होते तेव्हाही असेच गप्प होते. मग म्हणाले, "पोपटमासा प्रवाळ खातो तेव्हा आवाज येतो गं. कुरकुर कुरकुर. सुपारी कातरल्यासारखा." मुलाने लगेच सांगितलं की तो खडक चावून वाळू बाहेर टाकतो, आणि बेटावरची पांढरी वाळू बरीचशी त्याचीच. बाबांनी मूठभर वाळू हातात घेऊन नीट पाहिली आणि परत तिथेच ठेवली.

आज्जी_पार्ल्याची

मिशी कशी आहे आता?

चांदणवेल

अजून पीळ आहे आज्जी! डिसेंबरात मालवणला जायचं म्हणतायत. कट्टा, तारीख कळवते. भांगाचे दिवस बघू की उधाणाचे?

कट्टा_पेंडूर

भांगाचे. अष्टमीच्या आसपास या, पाणी निवळलेला असता. बाबांसाठी रिंग मी ठेवतंय.